भिंतीची खालची बाजू

म्हसरूळ, नाशिक
५ जानेवारी २०२५

ती. मामा,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुमच्या दीपककडून कळलं. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट विचारता येत नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही आईचे धाकटे भाऊ, त्यात तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या कामावर होतात. घरात भिंतीचा विषय निघाला की मला तुमची आठवण येते, याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आमचं घर टेकडीच्या उतारावर आहे, हे तुम्ही वास्तुशांतीला पाहिलंत. मागच्या बाजूला जागा एकदम सात फूट खाली उतरते. उतार कच्चा आहे, दरवर्षी थोडी माती घसरते. तिथे भिंत घालून, मागे भराव करून बाग करावी असं माझ्या फार मनात आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर कपाटांमध्ये वावरल्यावर संध्याकाळी चार झाडं दिसावीत, एवढीच हौस.

अडचण अशी की उताराच्या पायथ्याशी ताहेराचं अंगण आहे. तिचे यजमान इसाकभाई वेल्डिंगचं दुकान चालवतात. मुलगी मेहविश, तिचं लग्न ठरत आलंय. ताहेराचा धुण्याचा दगड आणि बाज बरोबर त्या उताराखाली असतात. दुपारी मायलेकी तिथेच बसतात.

ठेकेदार येऊन गेला. म्हणाला, "ताई, सात फुटाची एकच सरळ भिंत टाकतो. हत्ती धडकला तरी हलायची नाय." आमच्या यांना, सोमनाथना, ते पटलं. मला हत्तीची भीती नव्हतीच. मी विचारलं, खालच्या लोकांचं काय? तो म्हणाला, "त्यांना काय, फुकट कंपाऊंड."

तेव्हापासून मनात घोळतंय की माझ्या हौसेसाठी मी दुसऱ्याच्या डोक्यावर माती रचते आहे का. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी कुंड्यांवर भागवीन. आणि करता येण्यासारखं असेल, तर कसं करायचं ते लिहा.

मामींना नमस्कार.

तुमची
उज्वला


सायखेडा
१२ जानेवारी

चि. उज्वला, आशीर्वाद.

तुझी मामी शेजारी भाजी निवडत बसली आहे. तिनं विचारलं, "काय लिहिलंय भाचीनं?" मी म्हणालो, भिंतीबद्दल लिहिलंय. ती म्हणाली, "एवढी शिकली, कॉलेजात लागली, आणि मामाला पत्र लिहिती तं भिंतीचं!" मला मात्र फार बरं वाटलं. ऑपरेशन झाल्यापासून सगळे मला फक्त गोळ्या घेतल्या का एवढंच विचारतात.

बाग कर. पण हत्तीवाल्याला नमस्कार करून परत पाठव.

सात फुटाची एक भिंत नको. दोन कर. खालची चार फूट, वरची तीन, आणि दोन्हींच्या मध्ये आठ फूट मोकळी जागा. वरची भिंत खालचीच्या पाठीवर बसता कामा नये, म्हणून एवढं अंतर. खाली घर आहे, तेव्हा हे सगळं एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून, त्याची सही घेऊनच काम काढ. मी आता जुना माणूस, आणि वास्तुशांतीला आलो तेव्हा उतार त्या नजरेनं पाहिलेला नाही.

पाया काळ्या मातीत धरू नकोस. मुरूम लागेपर्यंत खण, मग अजून फूटभर. भिंत सरळ उभी नको, मागे मातीकडे थोडी रेललेली पाहिजे, फुटाला इंचभर. मागच्या भरावात भिंतीलगत दीड फूट नुसती दगडाची खडी, तळापासून वरपर्यंत. तुझी काळी माती फक्त वरच्या नऊ इंचांत, झाडांपुरती. काळी माती भिजली की फुगते, तिला भिंतीपासून लांब ठेवायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. सिमेंटमध्ये बांधलेली दगडी भिंत असल्यामुळे खालच्या अंगाला पाण्याला बाहेर पडायला नळ्या ठेव, चार-चार फुटांवर. आतल्या तोंडाला जाळी. अशा भिंती मातीच्या ओझ्यानं क्वचित पडतात. आत तुंबलेलं पाणी त्यांना ढकलतं. मी पडलेल्या पाच भिंती पाहिल्या, त्यातल्या चार आतून ओल्या होत्या. पाचवीला खरंच ट्रक धडकला होता.

काम चालू असताना फोटो काढ आणि कागदावर छापून पाठव. रोहितच्या मोबाइलवर मला काही दिसत नाही, आणि हा नातू मोबाइल दोन मिनिटांच्या वर देत नाही.

मामा


म्हसरूळ
२४ फेब्रुवारी

ती. मामा,

भिंती झाल्या! खालची आणि वरची, दोन्ही. इंजिनीअर मॅडम येऊन जागा पाहून गेल्या, तुमचीच मापं त्यांनी जवळजवळ तशीच ठेवली. फक्त खालच्या भिंतीचा पाया अर्धा फूट रुंद करायला लावला. तुमचं पत्र त्यांना दाखवलं, तर म्हणाल्या, "हे कुठे असतात? मला यांना भेटायचंय."

काम लहानू गवंड्यांनी केलं. पन्नाशीचे आहेत, आडगावकडचे. भिंत मागे रेललेली पाहिजे म्हटल्यावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, उभ्या जन्मात वळंबा लावून भिंत सरळ केली. आता तुम्ही म्हणता वाकडी कर. लोक म्हणतील, लहानूनं घेतलेली दिसती." मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, "मामा म्हणत्यात तं मग बरोबर आसंल. पण तुम्ही समद्यांना सांगा, मामानं सांगितलं व्हतं." येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतःच सांगत होते.

नळ्या ठेवल्या, अकरा. मागे खडी, जाळी, सगळं केलं. भराव नीट बसावा म्हणून वरून पाणी सोडलं. पहिल्या दिवशी नळ्यांमधून लालसर पाणी खाली आलं. आता येत नाही.

लिंबू, कढीपत्ता, मोगरा आणि एक डाळिंब लावलं आहे. ठिबकची नळी टाकली. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसते. खरं सांगायचं तर मला इतकं समाधान पुष्कळ दिवसांत मिळालं नव्हतं.

फोटो सोबत आहेत. वरून काढलेत.

उज्वला


सायखेडा
३ मार्च

चि. उज्वला,

फोटो पाहिले. डाळिंबाचं रोप भिंतीपासून अजून लांब पाहिजे होतं, पण ते राहू दे.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर माझी गाडी अडकली आहे. "आता येत नाही." का येत नाही? वर रोज ठिबक चालू आहे, झाडं नवीन आहेत, पाणी तू काही मोजून घालणारी नाहीस. थोडं तरी थेंब थेंब आलं पाहिजे. येत नसेल तर दोनच कारणं. एक तर गवंड्यानं खडीच्या जागी माती ढकलली, जाळ्या बसवल्याच नाहीत आणि नळ्या चोंदल्या. नाहीतर नळ्या नुसत्या दाखवायला पुढून बसवल्या, आरपार नाहीतच. मी असले लोक पाहिलेत. समोर "मामा म्हणत्यात तं बरोबर" आणि पाठ फिरली की दोन घमेली माती.

तुझा लहानू मला आता बरा वाटत नाही. विंचूरला माझ्या ओळखीचा एक गवंडी आहे, त्याला पाठवून तपासून घेऊ का?

मला खालून फोटो पाठव. ताहेराच्या अंगणात उभी राहून, अकराच्या अकरा नळ्या दिसतील असा.

मामा


म्हसरूळ
१४ मार्च

ती. मामा,

घाईत लिहिते आहे. कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून पुस्तकांची मोजणी चालू आहे, आणि खाली ताहेराचे रोजे. तशात तिच्या अंगणात फोटो काढायला जाणं बरं दिसत नाही. मेहविशचं लग्न पक्कं झालं, मे महिन्यात आहे. ईद झाली की फोटो पाठवते.

लहानूंचा काही दोष नाही. दुसरा गवंडी पाठवू नका.

मोगऱ्याला कळ्या आल्या आहेत.

उज्वला


सायखेडा
२१ मार्च

चि. उज्वला,

मोगऱ्याचं ऐकून आनंद झाला. तुझ्या पत्रात सगळी बातमी असते, भिंतीची खालची बाजू तेवढी नसते. लहानूचा दोष नाही हे तुला इतकं खात्रीनं कसं माहीत, एवढंच लिही.

मामा


म्हसरूळ
७ एप्रिल

ती. मामा,

तुमचं दोन ओळींचं पत्र दोन आठवडे माझ्या पर्समध्ये आहे. आज सगळं लिहिते.

भरावावर पाणी सोडलं तो रविवार होता. खाली ताहेरानं लग्नासाठी म्हणून उडदाचे पापड अंगणात धुतलेल्या चादरींवर वाळत घातले होते. अंगणाच्या भिंती दोनच दिवसांपूर्वी चुन्यानं रंगवल्या होत्या. मी वरून वाकून पाहिलं, तर अकरा नळ्यांमधून मुरमाचं लाल पाणी निघालं होतं आणि सरळ चादरींखाली चाललं होतं. ताहेरा आणि मेहविश धावत पापड उचलत होत्या. मी वरून ओरडले, "अगं, माफ कर, माफ कर!" ताहेरा म्हणाली, "काही नाही हो ताई, पाणीच आहे." हसली. ती एक शब्द वाकडा बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं चादरी पिळल्या, पापड आत नेले आणि अंगण झाडून काढलं, तेही मी तिथून निघून गेल्यावर.

रात्रभर मला वाटत राहिलं की माझी बाग तिच्या दारात घाण सोडते आहे. आणि आता हे रोजचंच होणार. दुसऱ्या दिवशी लहानू वरच्या भिंतीचं राहिलेलं काम करायला आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं, खालच्या नळ्या बुजवून टाका.

ते म्हणाले, "ताई, पाण्याला वाट पायजे. मामाचं पत्र तुम्हीच वाचलंत." मी म्हणाले, शेजारणीला त्रास होतो, नुकसान होतं, माझ्याच्यानं बघवत नाही. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "घर माझं आहे ना?" हे वाक्य मी बोलले, मामा. मग त्यांनी सिमेंट कालवलं. "तुमच्या शब्दावर बुजवतो. माझ्या मनाला पटंना," एवढंच म्हणाले.

तुम्ही त्यांच्यावर संशय घेतलात तेव्हा मला लगेच लिहिता आलं असतं. मी नुसतं "दोष नाही" लिहिलं आणि स्वतःला समजावलं की मी खोटं तर बोलले नाही.

आज सकाळी लिंबाच्या आळ्याजवळ माती खचलेली दिसली. कडेला मला बारीक भेग दिसली. म्हणून खालच्या भिंतीच्या दोन टोकांना दोरी ताणून बघितली. टोकांना दोरी भिंतीला टेकते, मधल्या भागात भिंत दोरीला पुढे ढकलते. दीड इंच. भिंतीला पोट सुटलंय. ठिबक मी लगेच बंद केलं.

चार मे रोजी मेहविशची मेहंदी आहे, त्याच अंगणात. बायका त्या भिंतीला टेकून बसतील.

एक विचारते आणि विचारल्याची लाजही वाटते आहे, पण खोडत नाही: ताहेराला काही न सांगता, वरूनच हे दुरुस्त करता येईल का?

उज्वला


सायखेडा
१० एप्रिल
(दीपकच्या हाती)

उज्वला,

तुझं पत्र आत्ता मिळालं. तीन दिवस पोस्टात गेले. असल्या गोष्टीसाठी दीपकला फोन करायचा असतो, पत्र लिहायचं नसतं. असो.

इथवर वाचलंस की हे पत्र खाली ठेव. जिना उतर, ताहेराच्या घरी जा आणि तिला सांग की त्या भिंतीसमोर आजपासून कोणी बसायचं नाही, धुवायचं नाही, उभंसुद्धा राहायचं नाही. का, तेही सांग. परत येऊन मग पुढचं वाच. दीपक चहा पीत बसेल, त्याला घाई नाही.

आलीस? बरं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कामापुरतं म्हणशील तर थोडं करता येईलही. पण ज्याच्या डोक्यावर भिंत आहे त्याला न सांगता ती दुरुस्त करायची नसते. काम करतानाच ती पडू शकते.

आता नीट वाच. खालून छिन्नी लावून नळ्या फोडायला कोणालाही जाऊ देऊ नकोस. आत पाणी भरलेलं आहे, भिंतीसमोर बसून हातोडा मारणारा माणूस पहिला सापडेल. अंगणात भिंतीपासून दहा फुटांवर दोरी बांधा. मग वरून, भिंतीपासून लांबच्या बाजूनं भराव उकरत या. ओली माती काठावर टाकू नका, पार पलीकडे न्या. पाठीवरचं ओझं गेलं, ओल गेली, की मग वरच्या थरापासून एक एक दगड उतरवा. वरची भिंत हलली नाही ना, ते त्या इंजिनीअर बाईंना पाहू दे, त्या हो म्हणतील तेव्हाच सुरुवात. पुन्हा बांधताना सगळं पहिल्यासारखं. बांधून झाल्यावर तीन आठवडे भराव घालायचा नाही. मेहंदी दुसरीकडे.

आणि अंगणात चिखल येतो म्हणून नळ्या बुजवायच्या नसतात. पायथ्याशी एक नाली काढायची असते. ते मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. नळ्या ठेव म्हणालो, पाणी पुढे कुठे जाईल ते सांगितलं नाही. कालव्यावर भिंतीच्या खाली कोणाचं अंगण नसायचं, मला सुचलंच नाही. तेवढी चूक माझ्या नावावर.

लहानूला माझा नमस्कार सांग. मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते तो समोर असताना वाचून दाखव आणि म्हण, मामा माफी मागतो.

मामा


म्हसरूळ
२४ एप्रिल

ती. मामा,

तुम्ही सांगितलंत तिथेच पत्र ठेवलं आणि खाली गेले. पायात चपला घालायच्या राहिल्या, हे ताहेराच्या दारात लक्षात आलं.

इसाकभाई जेवायला घरी आले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नळ्या मी बुजवायला लावल्या, लहानू नको म्हणत होते, भिंत फुगली आहे, ती पडू शकते, चूक माझी आहे. ताहेराच्या हातात पोळीचा तुकडा तसाच होता. इसाकभाईंनी बाहेर जाऊन भिंतीकडे एका डोळ्यानं, दुकानात लोखंडी पट्टी बघतात तसं बघितलं. म्हणाले, "है तो. पेट निकला है." मग आत येऊन हात धुतले आणि बाज, बादल्या, धुण्याचा दगड असं सगळं दहा मिनिटांत पलीकडे नेलं. मला रागावतील असं वाटलं होतं. ते दोरी शोधत होते.

ताहेरा नंतर बोलली. "ताई, नळ्या बंद केल्या ते मला माहीत होतं. माझ्याच समोर तर लहानूभाईंनी बुजवल्या. पुढून दिसतं ना."

मी म्हणाले, "मग विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला आमचा राग आला. पाणी आमच्याकडे येतं, मी त्यावर अळू लावणार म्हणून मेहविशला सांगत होते, ते तुम्ही वरून ऐकलं असेल. म्हणून पाणी तोडलं."

मी पायरीवर बसलेच. तिला ते पाणी हवं होतं, मामा. पापडांचं दुःख तिला तासाभराचं होतं. मी तिचं मन तिला न विचारता ओळखलं, आणि त्या ओळखण्यावर सिमेंट लावलं. मी स्वतःला फार विचारी समजते. पण विचार सगळा माझ्या घरात बसून करते, खाली जाऊन विचारणं दोन मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्याच दिवशी इंजिनीअर मॅडम आल्या, वरची भिंत ठीक आहे म्हणाल्या. लहानूंना तुमचं तीन मार्चचं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "दोन घमेली माती" आलं तेव्हा ते इतके हसले की टोपी काढून डोळे पुसले. "मामांना सांगा, बाकी कुठं कुठं ढकलली आसंल, हितं नाय." मग मला म्हणाले, "ताई, आता परत 'घर माझं आहे' म्हणायचं नाय बरं का. म्हणलात तं मी थापी टाकून जाईन." मी कबूल केलं.

पाच दिवस भराव उकरला. आत चिखल होता, फावडं काढलं की भोक पाण्यानं भरायचं. मग दगड उतरवले. आज पुन्हा पाया धरला आहे. इसाकभाईंनी स्वतःहून पायथ्याच्या नालीसाठी लोखंडी जाळी जोडून आणली, तिची किंमत विचारली तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लिंबू आणि मोगरा कुंड्यांत हलवले आहेत. डाळिंब गेलं.

मेहंदीचं मी घाबरत विचारलं. ताहेरा म्हणाली, "वर तुमच्या हॉलमध्ये करू. पंचेचाळीस बायका आहेत." आमच्या हॉलमध्ये वीस माणसं बसली की एकविसावं स्वयंपाकघरात जातं. सोमनाथनी आजपासूनच सोफा जिन्यात काढून ठेवला आहे. त्यामुळे सध्या आम्ही घरात येतो ते सोफ्यावरून.

तुमची
उज्वला


म्हसरूळ, नाशिक
२० जुलै २०२५

आदरणीय मामा,

सलाम. मी ताहेरा, उज्वलाताईंच्या खाली राहते. तुमचा पत्ता ताईंकडून घेतला. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आहे, चुकलं तर हसू नका. लग्नाला तुम्हाला येता आलं नाही, तुमचा आशीर्वाद दीपकभाईंनी पोचवला. मेहविश तिच्या घरी मालेगावला खूश आहे. मेहंदीला छप्पन्न बायका आल्या. पुरुषमाणसं सगळी खाली, दोरीच्या अलीकडे बसली होती.

भिंत चांगली आहे. दीड महिना पाऊस झाला. नळ्यांमधून पाणी येतं, आता साफ येतं, नालीतून माझ्या अळूला जातं. पानं सुपाएवढी झाली आहेत. वड्या करून ताईंकडे दिल्या.

पत्र लिहिते त्याचं कारण वेगळं आहे. ताईंनी तुम्हाला सगळी चूक स्वतःची म्हणून लिहिली असणार. त्या तशाच आहेत. पण एक गोष्ट त्यांना माहीत नाही, ती मी आधी तुम्हाला सांगते.

भिंतीला पोट आलेलं मी त्यांच्या आधी पाहिलं होतं. रमजानच्या शेवटच्या जुम्याला, शुक्रवारी. मी तिथे धुणं धूत होते, पाठ टेकली तर नेहमीच्या जागी टेकेना. हात फिरवून पाहिला. त्या दिवसापासून मी मेहविशला तिथे बसू देत नव्हते. तिला सांगितलं, तिथे मुंग्या झाल्यात. तिच्या अब्बांना काही बोलले नाही, ते लगेच वर गेले असते. मी मात्र गेले नाही. एवढ्या हौसेनं त्यांनी बाग केली, संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात, त्यांना कसं सांगू की तुमची भिंत वाकडी झाली? वाटलं, शेजार तुटेल. त्यापेक्षा आपणच लांब बसू.

दहा एप्रिलला ताई अनवाणी खाली आल्या नसत्या, तर मी वर गेले असते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मेहंदी जवळ आली असती तर नक्की गेले असते, असं म्हणायला जीभ उचलते. पण खरं सांगते मामा, मला माहीत नाही. कदाचित मी बायकांनाही मुंग्यांचंच सांगितलं असतं.

हे लिहून झालं की पत्र पाकिटात घालायच्या आधी वर जाऊन ताईंना वाचून दाखवणार आहे. तुम्ही त्यांना करायला लावलं होतं तसं.

---

आले जाऊन. ताईंनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "ताहेरा, आपण दोघी इतक्या चांगल्या आहोत की एखाद्या दिवशी कोणाचा तरी जीव घेऊ." आणि हसायला लागल्या, मीही हसले, मग दोघींना रडू आलं. सोमनाथभाऊ बाहेर येऊन विचारून गेले की काय झालं. आम्ही म्हणालो, भिंतीचं चाललंय.

मग ठरवलं. दर शुक्रवारी नमाजनंतर मी खालून अकरा नळ्या मोजायच्या, त्यांनी वरून दोरी लावायची. काही वाटलं तर लगेच ओरडायचं, बरं दिसेल की वाईट ते न बघता. आज रविवार आहे, तरी ताईंनी आत्ताच वरून सुरुवात केली.

"ताहेरा, पाणी येतंय का गं?"

"येतंय. पण आज तुमचा आवाज फार येतोय, मी पत्र लिहितेय."

"आणि शेवटची नळी?"

"ती पण येतेय. ताई, तुमची ओली साडी माझ्या अळूवर टपकतेय, साबणाचं पाणी आहे, ती आधी काढा!"

मला वाटलं, जास्त बोलले की काय. मग साडी सर्रकन वर ओढली गेली, आणि ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस."

तुमची,
ताहेरा